सर्व्हिस न थांबवता लॉग वाढवणे: सिस्टमडीच्या एका कमांडचा वापरानुभव

सर्व्हिसच्या, म्हणजे पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लॉगमध्ये (नोंदींमध्ये) पुरेशी माहिती मिळेना की कॉन्फिगरेशनमध्ये ‘डीबग’ (सर्वांत तपशीलवार नोंदींची लेव्हल) लिहायचे आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची, ही आपली जुनी सवय आहे. मात्र बरेच दोष प्रोसेसच्या मेमरीत साचलेल्या स्थितीमुळे उद्भवतात, आणि रीस्टार्ट करताच ती स्थिती पुसली जाऊन दोषही नाहीसा होतो, तो पुन्हा कधी उगवेल याची वाट पाहत बसावे लागते. लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या २४७ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२० च्या अखेरीस, आलेली ‘सिस्टमसीटीएल सर्व्हिस-लॉग-लेव्हल’ ही कमांड याच अडचणीवरचा उपाय आहे. ती बराच काळ वापरल्यानंतर माझे मत चांगले आहे, पण बिनशर्त चांगले नाही.

वापर अगदी सोपा आहे. कमांडपुढे फक्त सर्व्हिसचे नाव दिले तर सध्याची लेव्हल छापली जाते. नावापुढे लेव्हल दिली तर ती तत्काळ लागू होते, आणि प्रोसेसचा पीआयडी (ओळख क्रमांक) सुद्धा बदलत नाही. लेव्हलची नावे सिसलॉग या जुन्या लॉग-पद्धतीच्या परंपरेतलीच, ‘इमर्ज’पासून ‘डीबग’पर्यंत आठ आहेत. आतून हा निरोप, प्रोग्रॅम एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या डी-बसवरून, ‘लॉगकंट्रोल१’ नावाच्या इंटरफेसमार्फत सर्व्हिसपर्यंत पोचतो. नोंदी कुठे पाठवायच्या हे बदलणारी ‘सर्व्हिस-लॉग-टार्गेट’ ही जोडकमांडही आहे. मला तिची गरज क्वचितच पडली.

या सोयीचे मोल मला रिझॉल्व्हडीच्या, म्हणजे होस्टनेमवरून (मशीनच्या नावावरून) पत्ता शोधणाऱ्या सर्व्हिसच्या, एका प्रकरणात कळले. नव्याने नोंदवलेले एक होस्टनेम बाकी सर्व मशीनवर सापडत होते, एकावर मात्र ‘असे नाव नाही’ असेच उत्तर येत होते. रीस्टार्ट केले असते तर कॅश (आधीच्या उत्तरांचा साठा) रिकामी होऊन नाव लगेच सापडले असते आणि कारण कायमचे गुलदस्त्यात राहिले असते. त्याऐवजी लेव्हल डीबगवर नेली, दुसऱ्या टर्मिनलवर नोंदी दाखवणारे ‘जर्नलसीटीएल’ चालू ठेवले आणि तेच नाव पुन्हा विचारले. लॉगमध्ये ‘एनएक्सडोमेन कॅश हिट’ अशी ओळ उमटली, म्हणजे ‘असे नाव नाही’ हे उत्तर कॅशमधूनच आले होते, प्रश्न मशीनच्या बाहेर गेलाच नव्हता. नाव नोंदवले जाण्यापूर्वीच कुठल्याशा स्क्रिप्टने ते विचारून ठेवले होते आणि नकारार्थी उत्तर कॅशमध्ये मुदत संपेपर्यंत बसून होते. ‘इन्फो’ लेव्हलवर ही ओळ दिसतच नाही.

आता तक्रारी. पहिली म्हणजे ही कमांड फार थोड्या सर्व्हिसना लागू पडते. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘बसनेम’, म्हणजे डी-बसवरचे नाव, दिलेले असावे लागते आणि प्रोग्रॅमनेही तो इंटरफेस स्वतः राबवलेला असावा लागतो. रिझॉल्व्हडी, लॉगइनडी, नेटवर्कडी ही सिस्टमडीच्या घरचीच मंडळी प्रतिसाद देतात. बाहेरच्या बहुतेक सर्व्हिसच्या बाबतीत एरर पदरी पडते. त्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत: रेडिस या डेटाबेसमध्ये ‘कॉन्फिग सेट लॉगलेव्हल’, बाइंड या डीएनएस सर्व्हरमध्ये ‘आरएनडीसी ट्रेस’, नेटवर्कमॅनेजरमध्ये ‘एनएमसीएलआय जनरल लॉगिंग’, तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सेटिंग बदलून केवळ रीलोड (रीस्टार्ट न करता सेटिंग पुन्हा वाचायला लावणे). खुद्द पीआयडी १ साठी, म्हणजे सिस्टमडीच्या मुख्य प्रोसेससाठी, ‘सिस्टमसीटीएल लॉग-लेव्हल’ ही वेगळी कमांड आहे, आणि ‘सिगआरटीमिन+२२’ या सिग्नलनेही तो डीबगवर जातो. युनिट फाइलमधल्या ‘लॉगलेव्हलमॅक्स’शीही अनेकांची गल्लत होते, ते सेटिंग आलेल्या नोंदी गाळते, सर्व्हिसला अधिक बोलायला लावत नाही. उलट ते ‘इन्फो’वर असेल तर डीबग चालू करूनही जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) जास्तीचे काही दिसणार नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. वाढवलेली लेव्हल ठरावीक वेळाने आपोआप पूर्ववत होण्याची सोय या कमांडमध्ये नाही. सर्व्हिस रीस्टार्ट होईपर्यंत ती तशीच राहते. एकदा मी एका सर्व्हिसला डीबगवर ठेवून विसरलो, आणि चूक सर्वस्वी माझी होती. जर्नलची डिस्कवरील कमाल मर्यादा बदललेली नसेल तर ती फाइलसिस्टिमच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी असते; ती भरली की जुन्या फाइली काढल्या जातात. चार दिवसांनी मला दुसऱ्याच सर्व्हिसची आदल्या आठवड्यातली नोंद हवी होती, आणि तिची जागा डीबगच्या रटाळ ओळींनी घेतलेली होती. जर्नल लिहिणाऱ्या जर्नलडीचा वेग-नियंत्रक इथे उपयोगी पडत नाही, कारण त्याची मूळ मर्यादा प्रत्येक सर्व्हिसमागे ३० सेकंदांत १०,००० नोंदी इतकी सैल असून मोकळ्या जागेप्रमाणे ती आणखी वाढते. आणि खरोखर पूर आला तर नेमक्या हव्या त्या क्षणीच्या ओळी गाळल्या जाण्याचा धोका राहतो.

तेव्हापासून मी आधी सध्याची लेव्हल छापून टिपून ठेवतो. मग ‘सिस्टमडी-रन’ला ‘ऑन-अ‍ॅक्टिव्ह’ हा पर्याय आणि १५ मिनिटांची मुदत देऊन ती लेव्हल परत लावणारी कमांड टायमरवर सोडतो, आणि त्यानंतरच डीबग चालू करतो. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’मध्ये तो टायमर दिसल्याखेरीज पुढच्या कमांडला हात लावत नाही.