सेल्फ-ट्यूनिंग इंजेक्शन, मे ते जानेवारी: सेन्सर सोडा, आधी बेंडपाइपची रिंग बघा

सेल्फ-ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटरच्या जागी बसणारं, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून पेट्रोल आपोआप जुळवणारं इंजेक्शन किट. ते बसवलेल्या गाडीचं ॲव्हरेज 34 वरून 27 वर आल्यावर विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "सेन्सर गेलाय, नवा टाका." सेन्सर ठणठणीत होता. गेली होती ती इंजिनचं हेड आणि त्यातून निघणारा एक्झॉस्टचा बेंडपाइप यांच्यामधली तांब्याची रिंग, सेन्सरच्या किमतीपुढे निव्वळ चिल्लर. त्यामुळे हा रिव्ह्यू बराचसा त्या रिंगेबद्दलच आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाडी कार्बोरेटरवाली 350 सिंगल, किट वाइडबँड सेन्सरचं, म्हणजे मिश्रणाचा नेमका आकडा मोजणारं. नॅरोबँडवालं स्वस्त किट घेऊन पैसे वाचत नाहीत. मिश्रण 14.7 च्या (एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच त्याला कळतं. फुल थ्रॉटलला लागणारं 13 च्या आसपासचं मिश्रण त्याला मोजताच येत नाही.

आता रिंग. सिंगल सिलिंडरमध्ये एक्झॉस्टचा धक्का बाहेर गेला की त्याच्यामागे पाइपात क्षणभर ओढ तयार होते. रिंग दबलेली असेल तर फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, किटच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला, वाटतं गाडी लीन आहे (पेट्रोल कमी पडतंय), आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. मग प्लग काळा, स्लो जड आणि थ्रॉटल सोडला की फटाके. ओळखायचं कसं? ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते दाखवणारा करेक्शनचा स्क्रीन उघडा. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला स्लोवर +18 आणि पुणे हायवेवर 80 च्या स्पीडला +2 दिसत असेल तर लीकच समजा. सेन्सर बिघडला तर तो असा जागा बघून खोटं बोलत नाही.

तपासणी फुकटात होते. थंड इंजिन सुरू करा, सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं काही सेकंद धरा आणि जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले की प्रश्न मिटला. जुनी रिंग परत वापरायची नाही. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, गाडी एकदा तापून गार झाली की परत बघा. आणि ईसीयूने शिकलेला मॅप, म्हणजे पेट्रोलच्या प्रमाणाचा तक्ता, पुसा. तो तसाच ठेवला तर रिंग बदलूनही गाडी काही दिवस रिचच (पेट्रोल जास्त) चालते, आणि दोष पुन्हा सेन्सरवर जातो.

मेस्त्रीला एक गोष्ट बजावून सांगा: जोडाला लाल सिलिकॉन फासायचं नाही. साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरला विषासारखी असते. पॅकवर सेन्सर-सेफ लिहिलं नसेल तर हात लावू देऊ नका.

लर्निंग (ईसीयूने स्वतः मॅप बदलत राहणं) कायम पूर्ण मोकळं ठेवावं, हे सुरुवातीचं मत आता मागे घेतो. प्लग मिस झाला तरी न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो, म्हणजे आजार वाढवणारा डॉक्टर. इंजिन तापल्यावर 300-400 किलोमीटर शिकू द्या, मॅप सेव्ह करा आणि करेक्शनची मर्यादा ±5 टक्क्यांवर आणा. शिवाय थंड स्टार्ट हे किट शिकत नाही. मे महिन्यात बसवलेल्या गाडीचा वॉर्मअप टेबल (गार इंजिनला लागणारं जादा पेट्रोल) जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हाताने थोडा वाढवावा लागला.

मोकळी मर्यादा मळलेला फिल्टरही लपवते. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे रोज जाणं असेल तर मागांचा किस आणि धूळ फिल्टरवर बसतेच. कार्बोरेटर असता तर गाडी जड होऊन बोंब मारते. थ्रॉटल किती उघडलाय त्या मापावर पेट्रोल ठरवणारं हे किट गुपचूप पेट्रोल कमी करतं. सगळ्या टेबलभर करेक्शन उणे सरकायला लागलं की फिल्टर झटका.

कौतुक करायचं तर किट ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, सांभाळतं त्याचं. इथेनॉलमुळे आदर्श मिश्रण 14.7 वरून साधारण 13.5 वर येतं, म्हणजे कार्बोरेटरला मोठा जेट आला. इथे टार्गेट लॅम्ब्डामध्ये (आदर्श मिश्रणाच्या पटीत) ठेवलं की पेट्रोल कुठल्याही पंपावर भरा, जेटला हात लावायचं काम नाही. हे खरंच आवडलं, पैसे वसूल वाटले ते इथेच.

उन्हाळ्याचं मात्र सांभाळा. फ्युएल पंप टाकीच्या बाहेर असेल तर तो टाकीच्या तळाखाली आणि इंजिनच्या धगीपासून लांब हवा. पंपाआधी जाडा फिल्टर, बारीक फिल्टर पंपानंतर. उलटं केलं तर पंपाची ओढ अडते आणि तापलेल्या पेट्रोलची तिथेच वाफ होते. मे महिन्यात दुपारी टाकी पावच्या खाली गेली की पंप रडायला लागतो.

सेन्सरची बोस (सेन्सर बसतो ती आट्यांची कडी) वेल्ड करताना वेल्डिंगवाल्याजवळ उभे राहा. सेन्सर आडव्यापेक्षा किमान 10 अंश वर हवा, नाहीतर पाणी साचतं. किट बंद करून गाडी कार्बोरेटरवर चालवायची वेळ आली तर सेन्सर काढून तिथे 18 मिमीचा, दीड पिचचा बोल्ट लावा. हीटर बंद असलेला सेन्सर धुरात राहिला की काजळी धरतो, आणि मग विक्रेता म्हणतो ते खरं ठरतं.