नसबंदी झालेल्या बोक्याच्या पोटातली गाठ शोधून काढली!

मांजर असेल तर डोळे झाकून या प्राण्यांच्या दवाखान्यातच न्या. आमचा बंड्या दत्तक घेतला तेव्हा नसबंदी झालीये असंच सांगितलेलं, खालची वृषणांची पिशवी रिकामी होती त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं, पण पठ्ठ्या पडद्यांवर, दारावर लघवीचे फवारे मारायचा आणि तो बोक्याचा उग्र वास घरभर. आधीच्या एका डॉक्टरांनी सवय आहे म्हणून शांत राहायचं औषध देऊन पाठवलेलं.

इथल्या मॅडमनी सगळ्यात आधी त्याचं लिंग तपासलं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात आणि नसबंदीनंतर साधारण ६ आठवड्यांत ते जातात, बंड्याचे चांगले शाबूत होते, म्हणजे अंगात नर हार्मोन अजून बनतंय. एवढ्या साध्या तपासणीत निम्मं कळलं! मग रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच नर हार्मोन बघितलं, तेही होतं. सोनोग्राफीत मूत्राशयाजवळ गोळा दिसला, एक वृषण खाली उतरलंच नव्हतं आणि ते पोटातच वाढत होतं. क्वचित ॲड्रिनलच्या (मूत्रपिंडाजवळची हार्मोन बनवणारी ग्रंथी) गाठीमुळेही बोका असं वागतो म्हणून तिकडेही प्रोब फिरवून खात्री केली, हे मला फार आवडलं.

मॅडम म्हणाल्या मांजरांत वृषणाची गाठ तशी दुर्मिळ, बहुतेक बोक्यांची नसबंदी लहानपणीच होते ना, पण न उतरलेल्या वृषणात धोका जास्त. कॅन्सर आहे का विचारलं तर त्यांनी उगाच घाबरवलं नाही आणि खोटा धीरही दिला नाही, काढून लॅबला पाठवल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही म्हणाल्या. ऑपरेशनआधी छातीचा एक्सरे काढला, फुफ्फुसात काही पसरलंय का बघायला. रिपोर्ट आला सर्टोली सेल ट्युमर (वृषणातल्याच एका प्रकारच्या पेशींची गाठ), कडा स्वच्छ, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला गाठीच्या पेशी नाहीत, तो त्यांनी ओळ न ओळ समजावून सांगितला.

खर्च कमी नाही, पण प्रत्येक टेस्ट कशासाठी ते आधी सांगतात. एकच तक्रार, वेटिंगमध्ये कुत्री आणि मांजरं एकत्र, बंड्या बास्केटमध्ये थरथरत होता बिचारा, मांजरांसाठी वेगळा कोपरा कराच प्लीज. आणि कुणाचा नसबंदी झालेला बोका फवारे मारत असेल तर ते काटे बघायला सांगा डॉक्टरांना.