वाळ्याचा हलका परफ्यूम: सात महिने वापरला, पंपाने घात केला

बाटलीत अजून बोटभर माल आहे, डोळ्यांना दिसतोय, पण बाहेर येत नाही. परवा सकाळी कुडाळ एसटीच्या घाईत पंप दाबला तर नुसतं 'चिक्'. ५० मिलीची बाटली, जानेवारीत १४५० रुपयांना घेतलेली. एका फवाऱ्याला ०.१ मिली धरा, म्हणजे ५०० फवारे, फवारा २ रुपये ९० पैशांना. रोजचे दोन धरून माझ्या हिशेबाने ८० फवारे, म्हणजे २३२ रुपये आत अडकलेत.

कंपनीला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं: वापरलेली बाटली बदलून मिळत नाही, कोरड्या जागी ठेवत जा. जुलैत वेंगुर्ल्यात कोरडी जागा! इथे कपाटात घडी घातलेला सदराही सादळतो. पंपाची सोनेरी पट्टी तर मार्चमध्येच खाऱ्या वाऱ्याने काळी पडली होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता वासाचं. पहिल्या दिवशी आईपुढे मनगट धरलं. तिने हुंगून विचारलं, "ह्याच्यात वाळो खंय आसा?" तिच्या लेखी वाळा म्हणजे माठातली जुडी: ओली माती, जरासा धूर, मुळांचा कडवटपणा. यात सुरुवातीला पपनसाच्या सालीसारखं काहीतरी, मग धुऊन वाळवलेल्या लाकडासारखा कोरडा वास. (ग्रेपफ्रूटचा वास ज्याने येतो ते नूटकॅटोन वाळ्याच्या तेलातही थोडं असतं, म्हणून ही जोडी जमते.) मलाही फसल्यासारखंच वाटलं. त्यात दोन तासांत वास गायब, म्हणून फेब्रुवारीत दोन तारे देऊन मोकळा झालो होतो.

ते दोन तारे मागे घेतो. वास गायब होत नव्हता, माझंच नाक त्याला सरावत होतं. संध्याकाळी बायको म्हणायची, "शर्टाला अजून येतोय की." आणि खरी परीक्षा मे महिन्यात झाली. काकांकडे कनौजचं रूह खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर आहे, तांब्याच्या भांड्यात काढलेलं, हिरवट आणि दाट. हौसेने त्याचा एक थेंब लावून भरल्या एसटीत चढलो आणि कणकवलीपर्यंत डोकं धरून बसलो. ते अत्तर अस्सलच आहे, पण घामात आणि गर्दीत अंगावर येतं. हलक्या व्हेटिव्हर, म्हणजे वाळ्याच्या परफ्यूमांत बऱ्याचदा वाळ्याच्या तेलापासून केलेलं व्हेटिव्हेरिल ॲसिटेट वापरतात. त्यात माती नि धूर फारसा नसतो, कोरडेपणा राहतो. आईला जे कमी वाटलं, तेच आपल्या दमट हवेत कामाला येतं. घामाशी भांडत नाही, शेजारच्याच्या नाकात घुसत नाही.

पण पंप! नोझल उपसून कोमट पाण्यात बुडवलं, दोन फवारे आले, परत ठप्प. तोंडाची पट्टी दाबून बसवलेली, फिरकी नाही. उत्पादकांनो, साधे आटे द्यायला काय जातं? शेवटी पक्कड घेतली. पट्टी निघाली आणि बाटली हातातून निसटली. उरलेलं होमिओपॅथीच्या बाटलीत भरलं, आता बोटाने लावतो. पुन्हा घेईन, पण फिरकीचा पंप असलेलीच.

सांडलं ते ओसरीवर. संध्याकाळी पपनस उडून गेल्यावर आई तिथे येऊन बसली, म्हणाली, "आता इलो बघ वाळो." साधारण ३० फवारे सांडले असतील. ८७ रुपये.