पालिकेचे नाट्यगृह : स्थानिक गायक-वादकांच्या दृष्टीने एक परीक्षण

आमच्या गावात नगरपालिकेने बांधलेल्या नाट्यगृहात भारुडाचे प्रयोग, शास्त्रीय गायनाच्या मैफली आणि शाहिरी कार्यक्रम ऐकायला मी अनेक वर्षे जात आहे. ते कार्यक्रम भरवणाऱ्या लहान मंडळांना या वास्तूचा किती उपयोग होतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

कलेला आधार देणे ही पालिकेची मेहेरबानी नव्हे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत जी बारावी अनुसूची आली, तिच्यातील १८ विषयांमध्ये सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा विषय पाणीपुरवठा व रस्त्यांच्या बरोबरीने नोंदवलेला आहे. नाट्यगृहाकडे मी याच अपेक्षेने पाहतो.

रंगमंच प्रशस्त आहे, आसने स्वच्छ असतात आणि शेवटच्या रांगेतूनही गायकाचा चेहरा नीट दिसतो. तिकिटाविना होणाऱ्या कार्यक्रमांना भाड्यात सवलत मिळते, हेही मोलाचे आहे; मात्र ध्वनिव्यवस्था, जनरेटर आणि स्वच्छतेचे आकार वेगळे लावल्यावर ती बरीचशी विरून जाते, आणि अनामत रक्कम परत मिळवण्यासाठी हौशी मंडळाच्या सचिवाला कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात.

खरी अडचण आवाजाची आहे. येथील यंत्रणा भाषणांसाठी बसवलेली असल्यामुळे निवेदकाचा शब्द न् शब्द कळतो, परंतु तानपुऱ्याचा षड्ज (मूळ ‘सा’) गर्दीत हरवतो आणि मंचावर मॉनिटर, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेला ध्वनिक्षेपक, नसल्याने गायकाला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. उन्हाळ्यात विंगेत मोठे कुलर लावतात. त्यांची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते, आणि बाहेरच्या कोरड्या हवेत चढ्या सुरात लावलेला तबला त्या दमट झोतासमोर उतरू लागतो. वादकाने हातोडी घेऊन सूर जुळवण्यासाठी पुन्हापुन्हा तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकावेत आणि श्रोत्यांनी ताटकळावे, हे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अपरिहार्य मानण्याचे कारण नाही. कुलर मंचापासून दूर हलवले आणि ध्वनी सांभाळणारा एक जाणकार माणूस नेमला, तर नव्या बांधकामाशिवाय हे सुधारेल.

वेळेचा प्रश्न मला त्याहून गंभीर वाटतो. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, मात्र सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या श्रोत्यांपुरता, तो वापरण्यास मुभा आहे. म्हणजे मालकंस किंवा दरबारी यांसारखा उशिरा रात्रीचा राग त्याच्या वेळेला ऐकायचा असेल, अथवा भारूड उत्तररात्रीपर्यंत रंगू द्यायचे असेल, तर गावात हीच एक योग्य जागा उरते. प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांची पाळी संपते म्हणून दहालाच दिवे मालवण्याची घाई सुरू होते आणि भैरवी उरकून घ्यावी लागते. ज्या भूमीत संत एकनाथांनी भारुडे रचली, तेथे भारूडकऱ्याला घड्याळाकडे पाहत फड आवरावा लागतो, याचे मला मनापासून दुःख होते. महिन्यातून एका शनिवारी रात्रपाळी लावणे पालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही.

सकाळच्या मैफलीसाठी आणि शालेय कार्यक्रमांसाठी हे नाट्यगृह मी निःसंकोच सुचवीन. रात्रीचा कार्यक्रम ठरवणाऱ्यांनी मात्र अर्जातच वाढीव वेळेची लेखी परवानगी मागावी, आणि मॉनिटर व वाद्यांसाठीचे मायक्रोफोन स्वतःचे आणावेत.