एक्सवरच्या ‘कम्युनिटी नोट्स’: वाद घालणाऱ्यांच्या कामाची सोय, पण उशिरा येणारी

राजकारणावर आणि सामाजिक प्रश्नांवर मी ऑनलाइन हिरीरीने वाद घालते, म्हणून एक्सवरची (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरची) ‘कम्युनिटी नोट्स’ ही सोय मला मनापासून आवडते. दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरकर्तेच खुलाशाची टीप लिहितात आणि सोबत स्रोताचा दुवा देतात. २०२१ मध्ये ती ‘बर्डवॉच’ नावाने सुरू झाली.

तिची खरी ताकद निवडीच्या पद्धतीत आहे. नुसत्या बहुमताने टीप झळकत नाही. एरवी ज्यांची मतं जुळत नाहीत, अशांनीही ती उपयुक्त ठरवावी लागते. त्यामुळे एकाच गटाने झुंडीने येऊन हवी ती टीप वर ढकलणं अवघड जातं. शिवाय कोणती टीप दिसावी हे ठरवणारा संगणकीय कोड सगळ्यांना तपासता येतो. हे फार मोलाचं आहे.

जुना फोटो नवा म्हणून फिरवणं, अभिनेत्याच्या तोंडी भलतं वाक्य घालणं, मुलाखतीचा अर्धाच तुकडा दाखवणं, अशा ठिकाणी टीप उत्तम काम करते. मूळ मुलाखतीचा दुवा समोर आला की निदान बोलणं मुद्द्यावर येतं.

पण विषय जितका तापलेला, तितकं दोन्ही बाजूंचं एकमत कठीण. टीप अडकून राहते आणि तोवर खोटी पोस्ट दूरवर पोचलेली असते. हा उशीर मला खरोखर अस्वस्थ करतो. २०२५ च्या जानेवारीत फेसबुकची मालक कंपनी मेटानेही अमेरिकेत व्यावसायिक तथ्यतपासणी थांबवून हीच वाट धरण्याचं जाहीर केलं. मला ते पटलेलं नाही. प्रशिक्षित तपासनीस आणि वाचकांच्या टिपा, दोन्ही हवं.

पाचपैकी साडेतीन तारे.