चर्चिलची ध्रुवीय अस्वले दाखवतो म्हणून ७,४०० डॉलर घेतले

गेल्या नोव्हेंबरात कॅनडातील चर्चिल येथे ध्रुवीय अस्वले पाहण्यासाठी केलेल्या नोंदणीत माझे ७,४०० डॉलर बुडाले. हे लिहिताना लाज वाटते; पण तीच जाहिरात या आठवड्यात वेगळ्या नावाने आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आली, म्हणून लिहिते आहे.

सांगलीहून आई-बाबा टोरांटोला आले होते आणि बाबांना अस्वले पाहायची होती. हडसन उपसागर गोठण्याची वाट पाहत ही अस्वले ऑक्टोबर-नोव्हेंबरात चर्चिलच्या किनाऱ्यावर जमतात आणि पाणी गोठले की सीलच्या शिकारीसाठी बर्फावर निघून जातात. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा आणि टुंड्रावरच्या उंच चाकांच्या गाड्या परवान्यांमुळे मोजक्याच, त्यामुळे सप्टेंबरात चौकशी करणाऱ्याला सगळीकडे नकार मिळतो. अशाच माणसाला हे भामटे गाठतात. एका कुटुंबाने सहल रद्द केल्यामुळे चार जागा उरल्या आहेत, माणशी १,८५० डॉलर, असे मला सांगण्यात आले. मी २,९६० डॉलर आगाऊ आणि नंतर दोन दिवसांत प्रत्येकी २,२२० डॉलर ई-ट्रान्सफरने पाठवले. कार्ड चालणार नाही, असे ते म्हणाले तेव्हाच थांबायला हवे होते. जो कार्ड घेत नाही, त्याला एक डॉलरही देऊ नका.

मी निष्काळजी नाही. संकेतस्थळ तपासले, नोंदणी क्रमांकही पडताळला. तो खराच होता, फक्त दुसऱ्याच कंपनीचा. परंतु कार्यक्रमपत्रिकेची पहिली ओळ मी आजही विसरू शकत नाही: ‘विनिपेगहून बसने चर्चिलकडे प्रस्थान.’ चर्चिलला रस्ताच नाही. तिथे विमानाने जावे लागते, नाहीतर विनिपेगहून सुमारे १,७०० किलोमीटरचा, दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करावा लागतो, आणि हे मीच आठवडाभर आधी बाबांना नकाशावर दाखवले होते. मी विचारलेसुद्धा. ‘शेवटचा टप्पा आमच्या खास गाडीने,’ हे उत्तर आले आणि जागा हातच्या जातील या भीतीने मी ते मान्य केले. त्याच पत्रिकेत बेलुगा देवमासेही दाखवणार असे लिहिले होते. बेलुगा तिथल्या नदीच्या मुखाशी जुलै-ऑगस्टमध्ये येतात, नोव्हेंबरात नव्हे. चर्चिलमधल्या ज्या हॉटेलाचे नाव त्यात होते, तिथे मी एक फोन केला असता तर सगळे तेव्हाच उघड झाले असते. तुम्ही तो फोन करा, आणि क्रमांक त्यांनी दिलेला नव्हे, स्वतः शोधलेला वापरा.

विनिपेगला पहाटे साडेपाच वाजता, उणे बारा अंशांत, आई-बाबा बॅगा घेऊन सव्वा तास उभे होते. बस आली नाही, फोन बंद होता. विमानाच्या तिकिटांचे १,३८४ डॉलर वेगळेच गेले.

त्यानंतर जे झाले त्याची चीड अधिक आहे. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत आणि ते त्यांच्या खात्यात आपोआप जमा झाले, त्यामुळे आता परत घेता येणार नाहीत. ज्या खात्यात ते गेले त्याचा तपशील बँकेकडेच असताना, तो मला तर नाहीच, पण पोलिसांनी मागितल्याखेरीज त्यांनाही देणार नाही, असे उत्तर मिळाले. एका ठिकाणच्या पोलिसांनी पैसे जिथून पाठवले तिथे जा म्हटले; दुसऱ्या ठिकाणच्या पोलिसांनी फसवणूक जिथे उघड झाली तिथे जा म्हटले. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने माहिती नोंदवून घेतली आणि तपास आमच्याकडे नसतो, असे कळवले. चार महिन्यांत माझ्या हाती तीन तक्रार क्रमांक आहेत आणि तपास करणारा एकही अधिकारी नाही.

पैसे पाठवल्यानंतर शंका आली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच मिनिटाला बँकेला फोन करा. समोरच्याने रक्कम स्वीकारलेली नसेल, म्हणजे ती त्याच्या खात्यात जमा झालेली नसेल, तरच ती थांबवता येते. आणि गटात फिरणाऱ्या त्या नव्या जाहिरातीत अस्वलाची छायाचित्रे तीच आहेत, माणशी दर आता १,९५० आहे, आणि प्रवास अजूनही बसनेच आहे.