मिथाइलफेनिडेट, आठ महिन्यांनंतर: मिलिग्रॅमपेक्षा घड्याळाने जास्त छळलं

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आम्ही देवगड तालुक्यातले, घरची कलमं आहेत. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंग स्वस्थ बसत नाही त्याचं, निदान मे महिन्यात कोल्हापूरला झालं आणि जूनमध्ये शाळेबरोबरच त्यावरची मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू झाली. खालचे आकडे आमच्या पोराचे आहेत. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नका.

सुरुवात साध्या 5 मिलिग्रॅमने, सकाळी आठला. पंधरा दिवसांनी बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "काहीच फरक नाही हो." मी खचलेच. डॉक्टरांनी मात्र आधी शाळेची वेळ विचारली. साडेदहा ते पाच. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागते आणि तीन-चार तासांत उतरते. म्हणजे तिचा निम्मा असर घरात आणि रिक्षात जायचा, बाईंच्या वाट्याला जेमतेम तास-दीड तास. मग पहिली गोळी पावणेदहाला नेली, दुसरी मधल्या सुट्टीत, बाईंच्या हातून. तेव्हा कुठे वहीत पूर्ण पान दिसलं.

मग आम्हाला हाव सुटली. वाढवून बघू म्हटलं आणि डॉक्टरांनी 10-10 केलं. पोर एका जागी बसलं खरं, पण शेजारच्या मांजराशीही बोलेना, नुसता बोटांची सालं काढत बसायचा. आठवड्याने फोन केला आणि साडेसातवर आलो, म्हणजे पाचाच्या दीड गोळ्या.

डबा रोज भरलेला परत यायचा. जुलैअखेर वजन 24 वरून साडेबावीस किलो. सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, "पोराक गोळ्ये कित्याक देतंस? वांड आसा, इतक्याच." आता त्यांना पुरावाच मिळाला. पण तोडही त्यांनीच काढली. सकाळी गोळीच्या आधी वाडगाभर पेज आणि तूप. रात्री साडेआठला, औषध पुरतं उतरल्यावर, गरम भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. तेव्हा तो तीन भाकऱ्या मारतो. डब्यावरून आता मी भांडत नाही. दर भेटीला डॉक्टर वजन, उंची, नाडी आणि बीपी बघतात. वजन दिवाळीत परत चोवीसवर आलं.

दुपारची गोळी मात्र फार दिवस टिकली नाही. वर्गात त्याचं नाव 'गोळीवाला' पडलं होतं, ते मला कळलं कपडे धुताना. खिशात पेन्सिलीच्या सालपटांना चिकटलेली, चोखून थुंकलेली गोळी. दुसऱ्या खिशात आणखी दोन. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी एसआर 20 वर, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीवर नेलं, सकाळी एकदाच. ही चावायची नाही, तोडायचीही नाही, आणि आमच्याला गोळी गिळता येईना. चमचाभर पेजेतून शिकवली. आधी भाताचं शीत न चावता गिळायचं, मग गोळी.

एसआर आमच्याकडे साधारण आठ तास चालते. सव्वाआठला दिली की साडेचारच्या सुमारास उतरते, आणि उतरताना पोर नुसतं पेटतं. सव्वापाचला घरी आल्यावर चपलेचा पट्टा ओला लागला म्हणून रडारड. अभ्यासासाठी पाचला 5 ची एक छोटी गोळी देऊन पाहिली, तर रात्री साडेअकरापर्यंत डोळे टक्क उघडे, वरची कौलं मोजत. चार दिवसांत बंद. शेवटी गोळी सोडून गृहपाठच हलवला. सकाळी नऊ ते साडेनऊ, औषध लागलेलं असताना. जे रात्री दोन तास चालायचं ते तेवढ्यात होतं. संध्याकाळी आल्यावर एक शब्द विचारायचा नाही, हातात लाडू द्यायचा आणि बागेत सोडायचा. रविवारी डॉक्टरांच्या संमतीने गोळी नाही.

गणपतीत चाकरमानी आले, घर भरलं आणि गोळी अकराला दिली गेली. रात्री बारापर्यंत साहेब झांजा बडवत होते! आता नियम केलाय, नऊ वाजून गेले की त्या दिवशी गोळी नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पटही नाही.

सगळ्यात मोठा ताप मिळण्याचा. औषध सायकोट्रॉपिकमध्ये, म्हणजे मनावर असर करणाऱ्या, कायद्याचं बंधन असलेल्या औषधांत मोडतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि आमच्या भागातली मेडिकलं ते ठेवत नाहीत. दर महिन्याला कोल्हापूरसाठी गगनबावड्याचा घाट चढायचा. नोव्हेंबरमध्ये एका दुकानदाराने "औषध तेच आहे" म्हणून साधी गोळी दिली. दोन दिवस दुपारनंतर शाळेतून तक्रारी. तिसऱ्या दिवशी स्ट्रिप उजेडात धरली तेव्हा एसआर ही दोन अक्षरं नव्हती. तेव्हापासून काउंटरवरच वाचते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या घाटाने खाल्ला, बाकीचा त्याच्या भुकेने.

आता कलमांना मोहोर आलाय, म्हणजे सकाळची शाळा जवळ आली. सव्वासातला वर्ग भरणार, गोळी सहाला द्यावी लागणार, आणि त्याच्या आधी झोपेतल्या पोराच्या पोटात पेज कशी घालायची यावर सासूबाई आणि मी दोघी सध्या विचार करतोय.